कॅनन ८१४ इलेक्ट्रॉनिक: पहिलं कार्ट्रिज भरण्याआधी

कॅमेरा कॅनन ऑटो झूम ८१४ इलेक्ट्रॉनिक, १९७२ सालचं मॉडेल, सुपर ८ (८ मिमीची घरगुती सिनेमा फिल्म). लेन्स ७.५ ते ६० मिमी, एफ १.४. सध्याची स्थिती अशी: मोटर चालते, झूम दोन्ही बाजूंना फिरतो, लेन्समध्ये बुरशी नाही, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई हलते पण खरं बोलते का ते तपासायचंय. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी पूड साचलेली होती, ती काढून झाली.

सुपर ८ च्या एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म असते. फुटाला ७२ फ्रेम, म्हणजे एकूण ३६००. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद, २४ ने जेमतेम अडीच मिनिटं. फिल्म, धुलाई आणि स्कॅन यांचा एका कार्ट्रिजचा खर्च पाहिला की एक गोष्ट पक्की होते: जे फिल्मशिवाय तपासता येतं ते सगळं आधी तपासायचं, आणि पहिलं कार्ट्रिज बारशाला किंवा सहलीला न नेता फक्त चाचणीसाठी खर्च करायचं.

सेलचा कप्पा

चोरबाजारातून, जुन्या स्टुडिओतून किंवा घरच्या माळ्यावरून आलेल्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा हेच पहिलं दुखणं असतं. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कधर्मी, म्हणून त्यावर आम्ल चालतं. इअर बड व्हिनेगरमध्ये बुडवून, नीट पिळून, पुडीवर फिरवायचा. फेस थांबला की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा दुसरा बड. पत्र्याच्या पट्ट्या तरीही काळ्या दिसत असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासायचं, आणि सुटलेली धूळ ब्लोअरने बाहेर काढायची. व्हिनेगर ओतायचं अजिबात नाही. ते पट्टीच्या मागे झिरपतं आणि सोल्डर खातं. पट्टी चकचकीत असूनही मोटर मरगळलेली वाटत असेल, तर पट्टीमागची तार आतून कुजली आहे का ते मल्टिमीटरने पाहा.

मोटर आणि झूमला साधे पेन्सिल सेल लागतात. मीटरचं प्रकरण वेगळं.

मीटरचे सेल

मीटरसाठी दोन पीएक्स ६२५ बटण सेल लागतात. मूळचे ते पाऱ्याचे, प्रत्येकी १.३५ व्होल्ट, आणि आता बनत नाहीत. त्याच आकाराचे अल्कलाइन सेल मिळतात, पण ते नवे असताना दीड व्होल्ट देतात आणि वापराबरोबर उतरत जातात. जास्त व्होल्टेज मिळालं की असं मीटर बहुधा प्रकाश आहे त्याहून जास्त समजतं, लेन्सचं छिद्र लहान करतं आणि फिल्म काळवंडते. शिवाय चूक रोज थोडी बदलत राहते, त्यामुळे हिशेबाने भरून काढायचीही सोय नाही.

सगळ्यात सोपा उपाय श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो: ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, निळ्या चिकटपट्टीचा. तो १.४ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत जवळपास तेवढाच देतो. पट्टी सोलल्यावर काही मिनिटं उघडा ठेवून मगच कप्प्यात बसवायचा, कारण तो हवेवरच चालतो. त्याचा व्यास ११.६ मिमी, मूळ सेलचा १६ च्या आसपास. मधली फट भरायला नळाच्या वॉशरसारखी रबरी ओ-रिंग पुरते. सेलवरची बारीक छिद्रं टेपने झाकली जाऊ देऊ नका, आणि झाकण अगदी हवाबंद बसत असेल तर मीटर थोड्या वेळाने मंदावेल हे लक्षात ठेवा. हे सेल पट्टी काढल्यापासून काही आठवड्यांत आपोआप संपतात, म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी नवे घालावेत. कायमची सोय हवी असेल तर सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि आत डायोड असलेला अडॅप्टर. महाग पडतो, पण कटकट संपते.

फिल्मशिवाय चालवून पाहणं

मागचं दार उघडा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि गेटच्या (फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीच्या) चौकोनी छिद्रातून लेन्सच्या दिशेने पाहा. ट्रिगर दाबल्यावर शटरची लुकलुक दिसली पाहिजे. फिल्टरचा खटका सूर्याच्या खुणेवर नेला की गेटमधला उजेड नारिंगी होतो, बल्बवर नेला की पांढरा. तो बदलत नसेल तर आतलं नारिंगी ८५ फिल्टर अडकलंय.

वेग मोजायला फोन पुरतो. फोन स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर ठेवून गेटमधून दिसणारी लुकलुक रेकॉर्ड करा आणि शटरच्या दहा फेऱ्यांत फोनच्या किती फ्रेम गेल्या ते मोजा. १८ वर साधारण १३३, २४ वर १०० यायला हव्यात. १८ वर १४५ आल्या तर मोटर मंद आहे. आधी नवे पेन्सिल सेल घालून पुन्हा मोजा. तरीही तेच आलं तर मेकॅनिककडे.

कार्ट्रिजमधली फिल्म गुंडाळणारा दातेरी खुंट दारामागे दिसतो. कॅमेरा चालू असताना त्याला बोटाने हलकेच धरा. खुंट घसरत थांबला पाहिजे आणि बोट काढताच फिरायला लागला पाहिजे. स्पर्श होताच थांबून राहत असेल तर क्लच सैल आहे, आणि सुपर ८ मध्ये फिल्म अडकण्याचं मोठं कारण हेच: क्लॉ (फिल्म एकेक फ्रेम सरकवणारा आकडा) फिल्म खाली ढकलत राहतो, पण ती ओढून घेणारं कोणी नसतं, म्हणून गेटखाली तिचा गुंता होतो.

गेट साफ करायला लाकडी टूथपिक आणि ब्लोअर. धातूचं काहीही नको, तोंडाने फुंकर नको. फिल्मच्या मसाल्याचा वाळलेला कण गेटला चिकटलेला असला तर तो संपूर्ण कार्ट्रिजवर एक सरळ उभा ओरखडा काढतो. इथे घाई करू नये.

मीटरची तुलना

कार्ट्रिज न घालता मीटर तपासणं व्यर्थ आहे. सुपर ८ चा कॅमेरा फिल्मची गती (ती उजेडाला किती संवेदनशील आहे ते) कार्ट्रिजच्या कडेवरच्या खाचेवरून ओळखतो. कार्ट्रिज नसेल तर आतल्या पिना मोकळ्या राहतात आणि मीटर भलत्याच गतीचा आकडा दाखवतं. यासाठी मुदत संपलेलं एखादं जुनं कार्ट्रिज जवळ ठेवावं. त्याच कार्ट्रिजवर आणखी एक चाचणी होते: गेटमध्ये दिसणाऱ्या फिल्मवर मार्करने फुली मारा, दोन सेकंद चालवा, बाहेर काढा. फुली पुढे निघून गेली असेल तर फिल्म सरकते.

मग डिजिटल कॅमेऱ्यावर कार्ट्रिजच्या गतीइतका आयएसओ ठेवा आणि शटर १/४० (१५० अंशाचं शटर १८ फ्रेमला १/४३ सेकंद उघडं राहतं). दोन्ही कॅमेरे एकसारख्या उजळलेल्या एकाच भिंतीकडे रोखून एफ आकडे मिळवा. उन्हात, सावलीत आणि खोलीत, तिन्ही ठिकाणी. फरक सगळीकडे सारखाच येत असेल तर दोष व्होल्टेजचा, आणि तो हाताने छिद्र बदलून भरून काढता येतो. उजेड कमी होईल तसा फरक वाढत असेल तर प्रकाश मोजणारा सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) सेन्सर म्हातारा झाला आहे. तेव्हा मीटर सोडून द्यावं आणि हाताने छिद्र लावावं.

कोणती फिल्म

चाचणीसाठी कोडॅक ट्राय-एक्स ७२६६. ५०डी आणि २००टी या कलर निगेटिव्ह आहेत, एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड त्या मुकाट्याने पचवतात आणि मीटरची चूक लपून राहते. ट्राय-एक्स रिव्हर्सल आहे (धुतल्यावर तिच्यावर थेट पाहण्याजोगं चित्र येतं), अर्धा स्टॉप चुकला तरी पडद्यावर दिसतो. चाचणीला हाच गुण हवा. दिवसा तिची गती २००. कॅमेरा खाचेवरून १६० समजला तर एक तृतीयांश स्टॉप उजेड जास्त जाईल, एवढंच. पण भर उन्हात १/४३ ला हिचा हिशेब एफ ३२ च्याही पुढे जातो, म्हणून सकाळी किंवा सावलीत चित्रीकरण करावं, नाहीतर उजेड कमी करणारं ४ पटीचं एनडी फिल्टर लावावं. आतलं नारिंगी फिल्टर बंद ठेवायचं. आकाश गडद हवं असेल तर मुद्दाम चालू ठेवता येतं, पण चाचणीत नको.

फिल्म फ्रीजमध्ये असेल तर पाकीट न फोडता दोनेक तास बाहेर ठेवा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत थंड कार्ट्रिज लगेच उघडलं की आत दव धरतं.

चाचणीचा आराखडा

१८ फ्रेमवर दहा सेकंदांचा एक शॉट म्हणजे १८० फ्रेम, म्हणजे वीस शॉट बसतात. सगळे ट्रायपॉडवर आणि दिवसाच्या उजेडात, कारण घरातले एलईडी आणि ट्यूब फिल्मवर लुकलुकतात आणि दोष कॅमेऱ्याचा की दिव्याचा ते कळत नाही.

आधी डोळ्याची काच लावून घ्या: फोकस अनंतावर, कॅमेरा आकाशाकडे, व्ह्यूफाइंडरमधली मधली खूण कापल्यासारखी धारदार दिसेपर्यंत काच फिरवायची. हे न करता फोकसला दोष देणारे बरेच आहेत.

पहिले शॉट त्याच भिंतीचे: ऑटोवर, मग एक स्टॉप कमी, एक स्टॉप जास्त. पुढे भिंतीवर वर्तमानपत्राचं पान, टेपने मोजून ३ मीटरवर, पूर्ण टेलीवर (झूम ६० मिमीला) आणि छिद्र शक्य तितकं उघडून. फोकसच्या रिंगवरचा आकडा आणि टेपचा आकडा जुळतो का ते यात कळतं. तोच शॉट टेलीवरून वाइडला झूम करत. वाइडला अक्षरं मऊ पडली तर लेन्स मागेपुढे सरकलेली आहे. खिडकीचे गज उभे-आडवे, चित्र डुलतं का ते पाहायला. कोरी पांढरी भिंत, केस आणि ओरखडे दिसायला. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा: स्कॅनमध्ये काट्याच्या पाच सेकंदांत ९० फ्रेम मोजल्या गेल्या पाहिजेत. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कागदावर आकडा आणि छिद्र लिहून दाखवा.

मध्येच आवाज बदलला, घरघर वाढली, तर थांबा. कार्ट्रिज काढून फिल्म गुंडाळणारा गाभा बोटाने गुंडाळण्याच्या दिशेने फिरवून ढील काढा, तळहातावर एकदा आपटा आणि परत घाला. चारदोन फ्रेम उजेडात जातात, बाकी वाचतं. दार उघडलं की फुटांचा काटा शून्यावर येतो, म्हणून आधी आकडा लिहून ठेवावा. फिल्म संपली की गेटमध्ये ‘एक्सपोज्ड’ हा छापील शब्द दिसतो.

धुलाईला देताना एक काळजी: ट्राय-एक्स रिव्हर्सलच धुवायची हे पाकिटावर ठळक लिहा, नाहीतर लॅब निगेटिव्ह करून देईल. पुढे कलर निगेटिव्ह वापराल तेव्हा ती ईसीएन-२ प्रक्रियेचीच (सिनेमाच्या निगेटिव्हच्या धुलाईची) लॅब बघून द्या. २०२५ पूर्वीच्या साठ्यातली असेल तर फोटो स्टुडिओच्या सी-४१ मशीनमध्ये तिच्या पाठीवरचा काळा रेमजेट थर सुटून रसायन आणि रोलर दोन्ही खराब करतो. विमानाने पाठवत असाल तर चेक-इन बॅगेत कधीच नाही, आणि सिक्युरिटीला हाताने तपासायची विनंती करा, कारण नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकट होते.

पुढच्या नोंदीत स्कॅनमधून निघालेले दोष आणि गेटची दुसरी सफाई.