सहापैकी तीन हत्ती

वहीच्या पहिल्या पानावर सहा चौकटी आखलेल्या आहेत: बुगाटीची एकेक जुनी रोयाल गाडी प्रत्यक्ष पाहिली की एकेक खूण. मागच्या नोंदीपर्यंत दोन भरल्या होत्या. आता तिसरीतही खूण झाली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एत्तोरे बुगाटीनं टाइप 41, म्हणजे ‘रोयाल’, राजेरजवाड्यांना विकायची म्हणून काढली. बनल्या सात, आज उरल्यात सहा, आणि नव्या असताना गिऱ्हाईक मिळालं ते फक्त तिघींना. त्यातही राजा एकही नाही. इंजिन 12.7 लिटरचं, आठ सिलिंडर एका रांगेत. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहून सोंड उंचावलेला हत्ती, एत्तोरेचा धाकटा भाऊ आणि शिल्पकार रेम्ब्रांट बुगाटी याच्या कामावरून घेतलेला. म्हणून माझ्या वहीत या सहाही गाड्यांचं नाव हत्ती.

पहिले दोन हत्ती एकाच छपराखाली भेटले होते, फ्रान्समध्ये म्युलूझला. श्लुम्फ बंधूंनी तिथल्या कापडगिरणीत गाड्यांचा डोंगर जमवला होता. धंदा बुडाला, 1977 साली कामगारांनी आवाराचा ताबा घेतला, आणि आत काय दडलंय ते जगाला कळलं. ‘कूपे नेपोलियन’ आणि पार्क वॉर्ड या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची लिमोझिन, दोन्ही तिथेच. त्याच संग्रहालयात आणखी एक रोयाल दिसते, उघडी, दोन माणसांची, हेडलाइट नसलेली. मूळ मालक आर्मां एस्देर्स रात्री गाडी चालवत नसे, म्हणून दिवे नाहीत. मी तिच्यापुढे चांगला अर्धा तास रमलो, गुडघे टेकून खालून फोटो काढले, आणि मग पाटी वाचली. प्रतिकृती! एस्देर्सच्या गाडीवर पुढे दुसरीच बॉडी चढली; ही नंतर तिच्यासारखी घडवलेली. संग्रहालयाची काहीच चूक नाही, पाटीवर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हापासून माझा नियम: आधी पाटी, मग कॅमेरा.

तिसरा हत्ती अमेरिकेत, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात. हिची कुंडली सगळ्यांत वाईट आणि म्हणून मला सगळ्यांत आवडणारी. जर्मनीतल्या डॉ. जोसेफ फुक्सनी ती घेतली, म्युनिकच्या वाइनबर्गरकडून वर उघडता येणाऱ्या टपाची बॉडी बसवून घेतली. पुढे देश सोडताना गाडीही सोबत नेली, शांघायमार्गे न्यूयॉर्कला. तिथल्या थंडीत पाणी गोठून इंजिनचा ब्लॉक तडकला आणि रोयाल भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडली. 1943 मध्ये ती तिथून उचलली चार्ल्स चेन यांनी. हे जनरल मोटर्सचे इंजिनिअर, आणि त्यांनी गाडी शेवटी दिली हेन्री फोर्डच्या नावाच्या संग्रहालयाला. धंद्यातल्या भांडणापेक्षा गाडी मोठी, दुसरं काय.

प्रत्यक्षात काय वेगळं दिसलं ते लिहितो, कारण फोटो तुम्ही पाहिलेलेच आहेत. फोटोत ती प्रमाणशीर दिसते. लबाडी तिथेच आहे. चाकं, मडगार्ड, दिवे सगळंच एकाच पटीनं मोठं केलंय, त्यामुळे शेजारी माणूस उभा नसेल तर डोळ्याला काही कळत नाही. मी दोरीच्या अलीकडून रेडिएटरपासून समोरच्या काचेपर्यंत चालत गेलो: तीन पावलं, माझी नेहमीची. बाजूला एक लहान मुलगी उभी होती, तिचं डोकं जेमतेम मडगार्डच्या वळणापर्यंत. तिच्यामुळे मला पहिल्यांदा आकार कळला. तिचे आईबाबा पुढे गेले तरी मी तिथेच.

आता वादाचा मुद्दा. ही गाडी मुळात काळ्या रंगाची होती. पांढरट अंगावर हिरवी कड हा चेन यांचा निर्णय. कार्ब्युरेटरही त्यांनी एकाच्या जागी चार बसवले. (बॉनेट बंद होतं, त्यामुळे ते बघायला मिळाले नाहीत. चुटपुट लागलीय.) पाच वर्षांपूर्वी मी नाक मुरडलं असतं: मूळ रंग नाही, मूळ कार्ब्युरेटर नाही. आता वाटतं, भंगारातून वाचवणाऱ्याच्या हाताचे ठसेही गाडीच्या इतिहासातच धरायचे. चौकटीत पूर्ण खूण केलीय, अर्धी नाही.

माझी नजर बदलली ती मात्र हत्तींमुळे नव्हे. आधी मी चकाकी बघायचो, आता झीज शोधतो. न रंगवलेल्या, न उकललेल्या गाडीसमोर उभं राहिलं की पेडलच्या रबरावर कुठला कोपरा घासलाय ते दिसतं, ड्रायव्हरच्या दारावर कोपर टेकायची जागा गुळगुळीत झालेली दिसते. जुन्या रंगाला पडलेल्या बारीक भेगा तर बघतच राहाव्यात, वाळलेल्या तळ्यासारख्या. 2024 साली अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च मान गेला तो 1934 च्या बुगाटी टाइप 59 स्पोर्ट्सला. जपणूक वर्गातली, म्हणजे रिस्टोर न केलेली गाडी तिथे पहिली येण्याची ही पहिलीच वेळ. मी तिथे नव्हतो, पण बातमी वाचून स्वतःचंच कौतुक झाल्यासारखा दिवसभर खूश होतो. गंमत म्हणजे ती गाडी एकेकाळी बेल्जियमच्या राजाकडे, तिसऱ्या लिओपोल्डकडे होती. बुगाटीनं राजांसाठी काढलेली गाडी राजांनी घेतली नाही, शर्यतीची घेतली!

रिस्टोर केलेली गाडी ओळखायच्या दोन युक्त्या मला बऱ्याचदा कामी आल्या. एक, चकाकीचा रंग. विसाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मुलामा निकेलचा असे, त्याची झाक किंचित पिवळी, ऊबदार. क्रोम निळसर, थंड. 1922 च्या गाडीचे दिवे निळसर लखलखत असतील तर कुणीतरी हात फिरवलाय. दुसरी युक्ती स्क्रूची. अधिकच्या खुणेचे स्क्रू गाड्यांत आले ते तिसाच्या दशकाच्या मध्यावर. त्याआधीच्या डॅशबोर्डवर तसा एक जरी दिसला तरी पुढचं सगळं संशयानं बघायचं. आणि टाइप 35, बुगाटीची शर्यतीची गाडी, कुठे दिसली तर शरीराकडे नंतर बघा, आधी खाली वाका. पुढच्या पोकळ धुऱ्याला चौकोनी भोकं आहेत आणि स्प्रिंगचे पाटे त्यातून आरपार गेलेत. सुईत दोरा ओवावा तसे. कारखान्यात हे काम करणाऱ्याला घाई नव्हती हे तिथे कळतं.

एक तक्रारही नोंदवतो, नाव न घेता. एका संग्रहालयात फक्त एका गाडीसाठी गेलो होतो, बरीच वाट वाकडी करून. जागेवर तेलाचे दोन डाग, चार टायरचे ठसे आणि छोटी पाटी: गाडी प्रदर्शनासाठी बाहेर गेली आहे. संकेतस्थळावर अवाक्षर नाही. डागांचा फोटो काढला, वहीत चिकटवला. आता निघायच्या आधी फोन करतो आणि गाडीचं नाव घेऊनच विचारतो. ‘सगळं उघडं आहे’ या उत्तरावर समाधान मानत नाही.

उभ्या गाड्यांपेक्षा चालत्या गाड्यांनी जास्त शिकवलं, हेही कबूल करायला हवं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनहून ब्रायटनला निघतात त्या सगळ्या 1905 च्या आधीच्या. 1896 साली इंग्लंडमध्ये वेगमर्यादा ताशी 14 मैलांवर नेली, त्या आनंदात निघालेल्या फेरीची ही आठवण. गाड्या निघतात हाइड पार्कमधून, उजाडता उजाडता. जरा आधी पोहोचलात तर अंधारात बर्नर पेटवणारी, हँडल मारणारी, शिव्या घालणारी माणसं बघायला मिळतात. मी एका गाडीच्या लाकडी फळीवरच्या काचेच्या नळ्यांपाशी अडकलो. प्रत्येक नळीत तेलाचा एकेक थेंब टपकत होता, प्रत्येक थेंब वेगळ्या बेअरिंगला जाणारा. बाजूला बसलेला माणूस टपकण्याचा वेग डोळ्यांनी मोजत होता आणि एकेका चावीला जराशी पीळ देत होता. सलाइन लावलेल्या पेशंटशेजारी नर्स बसावी तसा. संग्रहालयात याच नळ्या मी कितीदा पाहिल्या असतील, कोरड्या. शोभेच्या वाटायच्या.

वासाचं तर विचारूच नका. शर्यतीच्या जुन्या गाड्यांत काही जण अजून एरंडेलाचं तेल घालतात. ज्यांना लहानपणी ते पोटात घ्यावं लागलं त्यांना हा वास गोड लागतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

दुसऱ्या पानावरची एक खूणही याच दौऱ्यातली, हेगच्या लौमन संग्रहालयातली हंसगाडी. 1910 सालची, कोलकात्याच्या रस्त्यांवर फिरलेली. चोचीतून गरम पाणी उडायचं आणि मागून रस्त्यावर चुना सांडायचा, खऱ्या हंसासारखा. यावर मी काही बोलत नाही, जाऊन बघा.

आता उरलेले तीन हत्ती. बाइंडरची बॉडी असलेली गाडी फोक्सवॅगन समूहानं बुगाटी कंपनी हातात असताना विकत घेतली. हीच ती एस्देर्सची मूळ चेसी (बॉडीखालचा सांगाडा), म्हणजे ज्या गाडीच्या प्रतिकृतीनं मला फसवलं तिचीच खरी हाडं. केल्नरची बॉडी असलेली आणि ‘बर्लिन द वोयाज’ नावाची या दोघी खासगी संग्रहांत, त्यामुळे त्या कुठल्या प्रदर्शनाला बाहेर पडल्या तरच भेटणार. यादीत यांपैकी कुठलंही नाव दिसलं तर कळवा. फोन मी करीन.