खिडकीचं तावदान एकदाचं वठणीवर आलं

मिळाली फोटोची फ्रेम! गॅरेजच्या अर्ध्या शटरवालं काम तूर्त बाजूला, कारण मागच्या वेळी जिच्या नावाने खडे फोडले होते, ती स्वयंपाकघराची खिडकी शेवटी बधली.

अडचण तीच, काचेतल्या प्रतिबिंबाची. घर अगदी समोरून, कॅमेरा खिडकीपासून ८ मीटरवर. आत सिंकपाशी बाई, नळ चालू, पातेलं भरून वाहतंय आणि तिची नजर भलतीकडे. ब्लू अवरमध्ये (सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडात) आकाश उजळ असतं तोवर काचेत समोरची छपरं आणि आकाशच दिसतं, बाई पार धुऊन निघते. आकाश विझलं की काच स्वच्छ होते, पण निळाही जातो आणि उरतं नुसतं रात्रीचं घर. मला तर तीच वेळ हवी, जेव्हा दिवे लागलेत पण पडदे कुणी ओढलेले नाहीत.

‘सीपीएल (चमक कापणारा पोलरायझर फिल्टर) लाव’ हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. काच सुमारे ५६ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिली तर तो खरंच कामाचा. सरळ समोरून येणारं प्रतिबिंब मात्र पोलराइझ होतच नाही. फिल्टर कितीही फिरवा, तो फक्त उजेड खातो. कॅमेरा तिरका नेला तर घराचा सपाटपणा मोडतो, आणि मला ते बाहुलीघरासारखं सपाटच हवंय. कॅमेऱ्यामागे काळं कापड ताणलं, ते वाऱ्याने ठरू दिलं नाही. तावदान पूर्ण उघडून पाहिलं, तर चित्र लगेच खोटं वाटायला लागलं. काच हवीच, फक्त तिने बोलायचं कमी.

उपाय अगदी साधा निघाला. तावदान ५ अंश फिरलं की प्रतिबिंब १० अंश सरकतं. बिजागरीपाशी घडी घातलेला पुठ्ठा खोचला, वरून गॅफर टेप (इथे काटकसर नको, स्वस्त टेप रंग सोलून काढतो), आणि काचेतलं आकाश जाऊन शेजारचं काळं झाड आलं. कॅमेऱ्याची सेटिंग: आयएसओ १००, एफ ८, २ सेकंद. बोनस म्हणजे तावदानाच्या कडेला बोटभर काळी फट राहिली. आता नळापेक्षा माझी नजर त्या फटीकडेच जाते.

आतल्या दिव्याबद्दल: रिमोटवाले एलईडी बल्ब अगदी मंद केले की माझ्याकडचे तरी हिरवट मारतात. जुना टंगस्टन डिमरवर खाली आणला की तांबूस होत जातो, त्याला तोड नाही. आकाश आणि खोली मी वेगळ्या प्लेटवर (म्हणजे वेगळ्या शॉटमध्ये, नंतर जोडायला) घेतलीय. ‘एका क्लिकमध्ये जमत नसेल तर ते फोटोच नव्हे’ म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकन फोटोग्राफर ग्रेगरी क्रूडसनही मोठा क्रू आणि ८×१० कॅमेरा हाताशी असताना अनेक निगेटिव्ह जोडून चित्र पुरं करायचा.

खरं तर इथेच थांबणार होते, पण लिहिता लिहिता डोक्यात आलं: प्रतिबिंब हवं तिकडे वळवता येत असेल, तर झाडच कशाला? गॅरेजच्या फ्रेममधला शेजारीच उभा करते! कॅमेऱ्याच्या जरा मागे, खिडकीपासून १० मीटरवर, पावणेदोन मीटर बाजूला. काचेत तो बाईच्या निम्म्या उंचीचा दिसेल. ३५ मिमी लेन्सला एफ ८ वर दोघंही शार्प मिळतील.

गोम उजेडात आहे. काच समोरून जेमतेम ८ टक्के उजेड परत देते, म्हणजे साडेतीन स्टॉपचा फटका (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). शेजारी बाईपेक्षा दोन स्टॉप अंधारा हवा असेल, तर त्याच्यावर तिच्याहून दीड स्टॉप जास्त टाकावा लागेल. शिवाय काचेमागचा तेवढा कोपरा काळा हवा, नाहीतर तो दिसणारच नाही. म्हणजे फ्रिजच्या बाजूचा दिवा बंद. गॅरेजची फ्रेम आता बहुधा रद्दच, कारण तो शेजारी मुळात तिथला होता.

शेजाऱ्यावरचा उजेड घराच्या भिंतीवर सांडू नये म्हणून दिव्यावर ग्रिड (उजेडाचा झोत अरुंद करणारी जाळी) लावायचा विचार आहे. २० अंशांचा पुरेल की ४०चा घेऊन फोमबोर्डने कापू? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.