आईची नावांची यादी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज सर्व मृतांचा स्मरणदिन. यंदा तो रविवारी आला, म्हणून नेहमीची रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, न होता मृतांसाठीची मिस्सा झाली. मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत मृतांची आठवण करण्याची एक जागा असते. इतकी वर्षे तिथे आई डोळे मिटून, ओठ हलवत आपल्या माणसांची नावे घ्यायची. आज त्या जागी मी तिचे नाव घेतले, बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले, पूर्ण.

आईच्या भक्तीबद्दल लोक बोलतात तेव्हा रोजची मिस्सा, उपवास, गुडघे दुखत असताना गुडघ्यांवर बसणे हे सगळे सांगतात. ते खरेच आहे. पण मला विचाराल तर तिची भक्ती म्हणजे नावे घेणे. ती देवासमोर माणसांची नावे घ्यायची, रोज, न चुकता, आणि त्यासाठी लागणारा वेळ दिवसातून आधीच बाजूला काढून ठेवायची.

रोझरी म्हणजे मारियेच्या प्रार्थनेचा जप. तिच्या माळेत ५९ मणी असतात. त्यांवर ५३ वेळा ‘नमो मारिया’ आणि ६ वेळा ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणायचे. दहा-दहाचे पाच भाग. आईने हे पाचही भाग वाटून टाकले होते. पहिले दहा मणी मुलांचे, दुसरे नातवंडांचे, तिसरे आजारी माणसांचे. चौथे दहा कुणाचे, हे ती सांगत नसे. पाचवे मृतांचे. एखाद्या मण्यावर नाव ठरलेले असे, एखाद्यावर दोन-तीन. नवे मूल जन्मले की यादीत जागा व्हायची, कुणी गेले की ते नाव तिसऱ्यातून पाचव्यात जायचे. यादीतून नाव गळाले असे मात्र मी कधी पाहिले नाही.

२००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची पाच रहस्ये घातली. रहस्ये म्हणजे जप करताना मनात आणायचे येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग. त्याआधी शतकानुशतके आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी पंधराच रहस्ये होती आणि आई लहानपणापासून तीच म्हणत आली होती. तरी काही दिवसांत तिने नवी पाचही पाठ केली आणि गुरुवार त्यांना देऊन टाकला. त्यातले काना गावच्या लग्नाचे रहस्य तिचे फार लाडके. लग्नघरी द्राक्षारस संपतो, तेव्हा मारिया येशूला फक्त एवढेच सांगते, ‘त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही.’ काय कर, कसे कर, काही नाही. आईची प्रार्थना अगदी या जातीची होती. ‘धाकटीला झोप लागत नाही.’ ‘थोरल्याची नोकरी गेली.’ असे सांगून ती पुढच्या मण्यावर जायची. लहानपणी मला वाटे, हिने नीट मागितलेच नाही. आता वाटते, ज्याला सांगायचे त्याच्यावर पूर्ण भरवसा असल्याशिवाय इतके थोडके बोलता येत नाही.

तिच्या पिढीने चर्चमध्ये किती बदल पाहिले! तिचे पहिले कम्युनियन, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीचा पहिला स्वीकार, झाले तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. पुढे १९६२ ते १९६५ या काळात जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, मिस्सा लोकांच्या भाषेत आली, आणि १९६४ मध्ये कम्युनियनपूर्वीचा उपवास एका तासावर आला. काहींना यामुळे धर्म ढिला झाल्यासारखे वाटले. आईला उलट मनापासून आनंद झाला, कारण आता फादर कुणासाठी काय मागताहेत हे तिला शब्दन्‌शब्द कळू लागले. मात्र इस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपास धरायचा नियम साठीपाशी संपतो हे तिला कितीही सांगितले तरी व्यर्थ. औषधे सुरू झाली आणि डॉक्टरांनी ठामपणे नाही म्हटले, तेव्हाच ती थांबली.

मारियेचा पती संत योसेफ याच्यावर तिची विशेष भक्ती. शुभवर्तमानात ज्याच्या तोंडी एकही शब्द नाही असा हा माणूस तिला फार जवळचा वाटे. मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेची वेगवेगळी रूपे आहेत. २०१३ मध्ये त्याचे नाव त्यांतल्या इतर रूपांमध्येही घालायचे ठरले. १९६२ पासून ते फक्त पहिल्या रूपात होते. पहिल्यांदा ते नाव कानावर पडले त्या रविवारी आई घरी येऊन सगळ्यांना फोन करत होती. ‘योसेफचं नाव घेतलं आज!’ जणू घरातल्याच एखाद्या माणसाचा मान झाला होता.

आई म्हणून ती कडक होती. रोझरीच्या वेळी पाठीला भिंत टेकलेली तिला चालत नसे. आजी झाल्यावर मात्र ती वेगळीच झाली. नातवंडाचा चिमुकला हात हातात धरून कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढायला शिकवताना तिला कसलीही घाई नसे. मूल मध्येच पळाले तर पळू द्यायची.

नातवंडांपैकी एकाने मोठेपणी चर्चला जाणे सोडले. घरात वादळ झाले, पण आईने त्याला एका शब्दाने छेडले नाही. तिच्यापुढे संत मोनिकेचे उदाहरण होते. मोनिकेने श्रद्धेपासून दूर असलेल्या आपल्या मुलासाठी, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनसाठी, वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, आणि ३८७ च्या इस्टरला मिलानमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतलेला तिने पाहिला. त्याच वर्षी ओस्तियात ती वारली. मरताना तिने मुलांना सांगितले होते की माझे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. आई हे आम्हाला बऱ्याचदा सांगायची. २७ ऑगस्टला मोनिकेचा सण आणि लगेच दुसऱ्या दिवशी मुलाचा, यातही तिला फार समाधान होते.

तो नातू अजूनही चर्चला येत नाही. पण आईची दृष्टी गेली तेव्हा रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून यादीतली नावे वाचून दाखवण्याचे काम त्याने स्वतःहून घेतले. तो नाव वाचायचा, ती ‘नमो मारिया’ म्हणायची. त्याच्या श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण यादी आज आम्हा सगळ्यांपेक्षा त्यालाच पक्की ठाऊक आहे.

२०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली, तेव्हा ती यादी भराभर वाढली. त्या २७ मार्चला पोप फ्रान्सिस रोममध्ये पावसात, रिकाम्या चौकात एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करत होते. आई टीव्हीसमोर शेवटपर्यंत ताठ बसून होती. संपल्यावर म्हणाली, ‘त्यांच्यापाशी तर सगळ्या जगाची यादी आहे.’

शेवटच्या आजारात फादरांनी तिच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावले, कम्युनियन दिले. अंत्यविधीत शवपेटीवर पांढरे वस्त्र घातले आणि जवळ पास्काची, म्हणजे इस्टरची, मोठी मेणबत्ती लावली. धाकट्या नातीने पांढरे का, असे विचारले. दुसऱ्या नातवंडाने लगेच सांगितले, ‘बाप्तिस्म्याचं वस्त्र आहे ते, आजीनं सांगितलं होतं.’ मरणाबद्दलही ती मुलांशी अशी मोकळेपणी बोलून ठेवत असे.

यादी हाती आल्यावर चौथ्या दहांचे कोडे उलगडले. ती सगळी तिला दुखावणाऱ्या माणसांची नावे होती. त्यातल्या एका नातलगाने तिला अनेक वर्षे बोलणे टाकले होते, हे आम्हाला माहीत होते. बाकीच्यांबद्दल तर तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. शत्रूंसाठी प्रार्थना करा हे वचन आम्ही सारेच ऐकतो. आईने त्याचे दहा मणी केले आणि रोज फिरवले. तिच्या धर्मातला हाच भाग मला सर्वांत अवघड वाटतो आणि सर्वांत खरा.

आज दुपारी आम्ही भावंडांनी यादी वाटून घेतली. मुलांचे, नातवंडांचे, आजाऱ्यांचे मणी सहज ठरले. मृतांचे धाकटीने घेतले, आईचे नाव तिने सर्वांत वर लिहिले. ती स्वर्गातच असेल, मग तिच्यासाठी प्रार्थना कशाला, असे थोरल्याने विचारले. धाकटी म्हणाली, ‘ते देवानं ठरवायचं, आपण नाव घ्यायचं.’

चौथ्यावरून मात्र वाद झाला. थोरल्याचे म्हणणे, ती माणसे आईची होती, तो हिशेब तिच्याबरोबर संपला. मला ते पटले नाही. त्यातली बरीच माणसे हयात आहेत आणि रोज त्यांचे नाव घेणारे दुसरे कुणी असेल असे वाटत नाही. चौथे दहा मणी मी मागून घेतले. नातवाने त्या दहांची नावे मला वेगळ्या कागदावर उतरवून दिली आहेत. उद्या सोमवार, आनंदाची रहस्ये. उद्यापासून सुरू करते.