मडकं तडकलं तेव्हा

आईचं माहेर नागोठण्याच्या अलीकडे. भात कापून झालं की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे आणि पौष-माघात शेंगा भरल्या की घरोघरी पोपटी लागायची, म्हणजे शेंगा पाल्यासकट मडक्यात भरून जाळात शिजवायच्या. मामाने शेत विकलं त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आईने खरी पोपटी खाल्लेली नव्हती. खरी म्हणते, कारण मध्ये एकदा आम्ही तिला एका रिसॉर्टवर नेलं होतं. टेबलावर मडकं आलं, पण आत भामरूडाच्या रानपाल्याच्या जागी कोबीची पानं, आणि शेंगा गॅसवर उकडून मग मडक्यात भरलेल्या. आईने चार शेंगा सोलल्या, "चांगल्या आहेत" म्हणाली आणि हात धुवायला उठली. मला ते फार लागलं.

म्हणून या वर्षी मी चौकशी करून ठेवली होती. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत एका वाडीत एक खानावळ आहे. खानावळ म्हणजे काका-काकींचं घरच. पुढच्या पडवीत सहा बाकडी, मागे वाडी. काकी आणि सून स्वयंपाक करतात, मुलगा वाढतो, विस्तवाचं काम काकांचं. पोपटी हवी असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करावा लागतो, कारण शेंगा आणि पाला त्या दिवशी सकाळीच काढतात. आयत्या वेळी आलेल्याला इथे मासळीचं ताट मिळतं, पोपटी मिळत नाही. मला ही अट फार आवडली.

डोंबिवलीहून सकाळी सातला निघालो. वडखळ नाका ओलांडला आणि पोयनाडपर्यंत रस्त्याच्या कडेला बायका शेंगांचे ढीग आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसलेल्या. आईने गाडी थांबवायला लावली, एक शेंग उचलून चिमटीत दाबली आणि खाली ठेवली. "निबर होत चाललेत. आज गेलो ते बरं झालं."

आम्ही पोचलो तेव्हा काका मडकं भरत होते. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळच बसले. तळाला पाला, त्यावर शेंगा, मूठभर जाडं मीठ, हातावर चोळलेला ओवा. मग हिरव्या वाटणात मुरवलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून. मग पुन्हा शेंगा, मध्ये मध्ये अंडी, चार बटाटे, आणि शेवटी तोंडाशी पाल्याचा गच्च बोळा. पाणी एक थेंब नाही. शेंगेत आणि पाल्यात असतं तेवढ्याच पाण्याची वाफ धरते आणि त्यातच सगळं शिजतं. म्हणून बोळा नीट बसायला हवा. मडकं जमिनीवर पालथं घातलं, भोवती झावळ्या, पेंढा, गोवऱ्या रचल्या आणि काडी लावली. पालथं का, हे लेकीने विचारलं. काका म्हणाले, "तोंड वर ठेवलं तर वाफ जाते नि राख आत पडते. पालथं घातलं की भुईच झाकण होते."

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. जाळातून ठक् असा आवाज आला. काकांनी काठीने गोवऱ्या बाजूला सारल्या. मडक्याच्या पोटाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. वाफ सगळी त्या फटीतून निघून चाललेली, वरच्या शेंगा जळायला लागलेल्या.

जळकं बाजूला काढून उरलेलं आमच्यापुढे ठेवता आलं असतं, आम्हाला फारसं कळलंही नसतं. काकांनी मडकं ओढून बाजूला केलं, मुलाला हाक मारली आणि आम्हाला म्हणाले, "नवं मडकं होतं, पाणी दाखवून ठेवलं होतं, तरी गेलं. दुसरं लावतो. तास जाईल. चालेल का?" शेंगा घरात होत्या, कोंबडी दुसरी होती. पाला संपला होता.

"पाला कुठे मिळतो तुमच्याकडे?" आईने विचारलं.

काकी तिच्याकडे बघत राहिल्या. "गाव कंचा तुमचा?"

आईने गाव सांगितलं. मग त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात मला जागा नव्हती. गुडघा दुखतोय म्हणणारी माझी आई चप्पल घालून काकींच्या मागोमाग वाडीतून मागच्या शेताकडे चालायला लागली. मी मागून गेले, हात धरायला, पण तिने हात घेतला नाही.

वाडीत मध्ये मध्ये मोकळी जागा दिसत होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर जमिनीवर चढलं. काकींच्या एकशेवीस पोफळी होत्या, वादळानंतर तेवीस उभ्या राहिल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. मधली वर्षं काढायची कशी, म्हणून आधी शनिवार-रविवार चालणारी खानावळ रोजची केली, असं काकी चालता चालता सांगत होत्या. आवाजात तक्रार नव्हती. नव्या पोफळी आता काकींच्या डोक्याच्या वर गेल्यात. त्यातल्या एकीला त्यांनी जाता जाता हात लावला.

शेताच्या बांधावर भामरूड होतं. कुणी त्याला भांबुर्डा म्हणतं. गुडघ्याएवढं झुडूप, पानं मऊ, लवदार, कडेला दातरी. हे कुणी लावत नाही. भात कापलं की बांधावर आणि पडीक तुकड्यांत आपोआप उगवतं, आणि वालाच्या शेंगा भरतात त्याच दिवसांत ते ऐन रसात असतं. पोपटीला दुसरा पाला चालत नाही तो यासाठी. आईने एक पान तोडून तळव्यावर चुरडलं आणि माझ्या नाकाशी धरलं. ओव्यासारखा, पण जास्त उग्र, थोडा कापराकडे झुकणारा वास. मला तो आजोळच्या अंगणासकट आठवला.

पलीकडच्या तीन शेतांना तारेचं कुंपण पडलंय, बंगल्यांचे प्लॉट झालेत. पूर्वी काकी घराच्या मागे दहा पावलांवर पाला काढायच्या, आता मुलाला कधी कधी दुचाकी घेऊन जावं लागतं. हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. शेंगा बाजारात विकत मिळतील. हा पाला कुठल्या दुकानात मिळणार?

आईने ओटीभर पाला काढला. मुळापासून उपटायचा नाही, शेंडे खुडायचे, हे तिने मला दोनदा बजावलं.

दुसरं मडकं जुनं होतं, तळ काळा पडलेला. पाऊण तासाने काकांनी त्याच्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चुर्र करून लगेच उडाले. मग गोणपाटाने धरून मडकं सुपात ओतलं, आणि पडवीतली सगळी माणसं बोलायची थांबली, इतका तो वास पसरला.

शेंगेची वरची साल खारट झालेली असते, ती आधी चोखायची. मग दाणा, पिठूळ, शेवटी किंचित कडवट. कोंबडीला तेलाचं बोट नव्हतं, तरी हाताला ओशट लागत होती. तिच्या अंगच्याच रसात शिजली होती आणि केळीच्या पानाचा वास हाडापर्यंत गेला होता. मला मात्र अंडं सगळ्यात जास्त आवडलं. एकाला शिजताना बारीक तडा गेला होता, त्यातून पाल्याचा रस झिरपून पांढऱ्यावर तपकिरी रेघ उमटलेली. त्या रेघेपाशी चावा घेतला की भामरूड लागायचं. सोबत तांदळाची भाकरी, चिरलेला पांढरा कांदा, सोलकढी. लेकीने चिकन सोडून शेंगाच खाल्ल्या. तिच्यापुढे सालींचा ढीग बघून काकींनी आणखी दोन मुठी वाढल्या.

आई काहीच बोलत नव्हती. एकेक शेंग सोलत होती, सावकाश, शेवटची संपेपर्यंत.

बिल देताना फुटलेल्या मडक्याचे पैसे मी देऊ केले. काकांनी घेतले नाहीत. काकींनी कागदात थोडा पाला बांधून आईच्या पिशवीत घातला. "पुढल्या साली पौषातच ये गो बाय, शेंगा कोवळ्या असतात."

कार्लेखिंड उतरत असतानाच आईने पनवेलच्या मावशीला फोन लावला. तडकलेल्या मडक्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. "आणि पाला मी काढला," हे तिने दोनदा सांगितलं.