चॉकलेट द्यायचंय? मग जरा बघून घ्या

काय द्यायचं हे सुचत नसलं की लोक चॉकलेट घेतात आणि देताना "काही सुचलंच नाही म्हणून हे आणलं" असं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. वाढदिवस, रिझल्ट, नवीन नोकरी, आजारातून उठलेलं माणूस, अगदी भांडणानंतर सॉरी म्हणायचं असलं तरी चॉकलेट चालतं, माप विचारावं लागत नाही, घरात जागा अडत नाही आणि बॉक्स उघडला की तिथे असलेल्या सगळ्यांना एकेक मिळतं, असं दुसरं गिफ्ट कुठलं आहे सांगा बरं.

आधी शेकडो वर्षं लोक चॉकलेट पितच होते. खायचा बार इंग्लंडमधल्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये केला आणि १८६८ च्या सुमारास रिचर्ड कॅडबरीने वर चित्रं असलेले छान बॉक्स काढले, चॉकलेट संपलं की लोक त्यात पत्रं वगैरे जपून ठेवायचे. म्हणजे बॉक्सचं कौतुक तेव्हापासूनचं आहे. पण माझं म्हणणं असं की बॉक्सवर भुलू नका, उलटा करून मागे काय लिहिलंय ते वाचा. कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांमधलं फॅट, त्याऐवजी दुसरं वनस्पती तेल किंवा फॅट घातलं असेल तर ते कंपाउंड, स्वस्त पडतं आणि लवकर वितळत नाही पण खाल्ल्यावर तोंडात मेणासारखा थर राहतो. खरं कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरासंच कमी, म्हणून तर जिभेवर ठेवल्या ठेवल्या विरघळतं ना! मोठा बॉक्स भरून कंपाउंड देण्यापेक्षा एकच चांगला बार द्या, मी तरी नेहमी तेच करते.

आता कुणाला कुठलं. ७० टक्क्यांच्या पुढे कोको असलेलं डार्क ज्याला कडू आवडतं त्यालाच द्या, लहान मुलं तोंड वाकडं करतात. व्हाइटमध्ये कोकोचा तपकिरी भाग नसतोच, फक्त कोको बटर, साखर आणि दूध, त्यामुळे ते खूप गोड लागतं. नट्सची ॲलर्जी आहे का हे सरळ विचारा, यात लाजायचं काहीच नाही, आणि आत लिकर भरलेली चॉकलेटं असतात ती घेताना समोरच्याला चालतं का ते बघा. डायबिटीस असलेल्या माणसाला शुगर फ्री दिलं की झालं असंही नाही हं, त्यातही फॅट आणि कॅलरीज असतातच.

उन्हाळ्यात गाडीत ठेवून कुठे जाऊ नका. आणि वितळून पुन्हा घट्ट झाल्यावर वर पांढरट डाग आले तर ती बुरशी नसते, कोको बटर वर आलेलं असतं, खाऊन काही होत नाही पण तो कुरकुरीतपणा जातो. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर ओल धरते आणि शेजारच्या कांद्याचा वास पण लागतो.

अजून एक, ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना बॉक्स उंचावर ठेवायला नक्की सांगा. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी असतं आणि डार्कमध्ये ते जास्त असतं.