डब्यांची रांग

परवा वर्षाचा गहू घरात आला. लोकवन. गच्चीत चादरी पसरून मी आणि सासूबाई त्याला एरंडेल चोळत बसलो होतो, हात कोपरापर्यंत तेलकट, पाठ उन्हानं भाजतेय, आणि मधेच त्या म्हणाल्या, "त्या वर्षी हाच होता म्हणून निभावलं गं आपलं." एवढंच बोलल्या आणि परत गव्हात हात घातला. पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना, २०२० चा तो मार्च-एप्रिल, आणि त्यातली एक गोष्ट आहे जी मी घरात सुद्धा कुणाला धड सांगितलेली नाही. आज लिहून टाकते.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. ९ मार्चला पुण्यात कोरोनाचे पहिले पेशंट सापडले, राज्यातलेही तेच पहिले, आणि दुसऱ्याच दिवसापासून मेडिकलमधून मास्क आणि सॅनिटायझर गायब झाले. नंतर सरकारनं भाव बांधून दिला, २०० मिलीची बाटली १०० रुपयांच्या वर विकायची नाही वगैरे, पण बाटली दिसली तर भावाचा प्रश्न ना! तरी तेव्हा किराण्याची भीती कुणाला नव्हती. डाळ-तांदूळ कधी संपतो का, असंच वाटायचं.

मग २४ मार्चची रात्र. मंगळवार होता, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि रात्री बारापासून २१ दिवस सगळा देश बंद. भाषण संपायच्या आत आमच्या सोसायटीच्या जिन्यात चपलांचे आवाज सुरू झाले होते. मी पण पिशव्या घेतल्या आणि धावले. गाठी आणायची राहिली होती हे निमित्त, पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. घरात सासूबाईंना शुगर, मुलगी सहा वर्षांची, नवरा नाशिकला अडकलेला आणि पुढचे २१ दिवस काय होणार कुणालाच माहीत नाही.

कोपऱ्यावरच्या आमच्या किराणावाल्या काकांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि खालून माल देत होते. एकटेच होते. त्यांची दोन पोरं होळीला राजस्थानात गावी गेलेली, ती परत आलीच नव्हती. काकाच काढणार, काकाच मोजणार, काकाच पैसे घेणार, आणि बाहेर पन्नासेक माणसं ओरडतायत. माझा नंबर आला तेव्हा मी काय काय घेतलं ते मला आजही पाठ आहे, पाच किलो साखर, चार किलो तूरडाळ, तीन किलो शेंगदाणे, दोन किलो साबुदाणा, रवा, पोहे, तेलाच्या सहा पिशव्या. घरात दोन किलो डाळ आधीच होती. काकांनी माझ्यासाठी डाळीचं पोतं अक्षरशः उलटं करून झटकलं.

माझ्या मागे आमच्या वॉचमनदादांच्या घरच्या वहिनी उभ्या होत्या. हातात पन्नासची नोट, चार घड्या घातलेली. "काका, पावशेर डाळ द्या." काका म्हणाले, "डाळ संपली आता, उद्या बघू." त्या काहीच बोलल्या नाहीत, भांडल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पाव किलो साखर आणि दहाची चहापुडी घेऊन गेल्या. पोत्याच्या तळाची डाळ माझ्या पिशवीत होती. काढून द्यायला दहा सेकंद लागले असते. मी नाही दिली. मान खाली घालून पिशव्या उचलल्या आणि जिना चढले.

हीच ती गोष्ट.

पुढचे दिवस कसे गेले ते सगळ्यांनीच पाहिलंय. दुकानापुढे चुन्याचे गोल, दोरी बांधलेली, यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आणि काका फोन करतील तेव्हा जाऊन पिशवी उचलायची. दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात, नोटा उन्हात. एका अ‍ॅपवर मी रात्री बारा वाजता स्लॉटसाठी जागायचे, सगळी बास्केट भरून झाली की पैसे भरताना स्लॉट गेलेला असायचा. चार रात्री केलं, मग नाद सोडला.

आणि पीठ संपलं. गहू कोठीत गळ्यापर्यंत भरलेला, पण पीठ नाही! विकतच्या आट्याच्या पिशव्या तर पहिल्या दोन दिवसांतच उडाल्या होत्या, आणि आमच्या गिरणीला कुलूप. गिरणीवाल्या दादांना वाटत होतं परवानगी नाही. मग कुणीतरी चौकीत जाऊन विचारून आलं, तर पिठाची गिरणी अत्यावश्यक मध्येच येते, आणि सकाळी सात ते नऊ गिरणी सुरू झाली. माणसांनी थांबायचं नाही, डबा ठेवायचा आणि घरी जायचं. झाकणावर नाव, फोन नंबर आणि काय दळायचंय ते खडूनं लिहायचं. मी पहिल्या दिवशी गेले तर फुटपाथवरच्या प्रत्येक चुन्याच्या गोलात एकेक डबा उभा होता. स्टीलचे, पत्र्याचे तेलाचे डबे, एक प्लॅस्टिकची बादली वरून ताट झाकलेली, एका डब्यावर "ज्वारी, बारीक" आणि एकावर नुसतंच "आजी, बी विंग". माणूस एकही नाही. सत्तरेक डबे निमूट रांगेत उभे, आणि आतून जात्याचा तो घरघर आवाज. मला तिथं एकदम रडूच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की गाव अजून चालू आहे.

तिथंच मला ते कळायला लागलं जे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलेय. धान्य कमी नव्हतं हो. त्या मार्चमध्ये सरकारी गोदामांत तांदूळ आणि गहू मिळून साडेपाच कोटी टनांच्या वर साठा होता. दूध तर इतकं उरत होतं, हॉटेलं-मिठाईची दुकानं बंद पडल्यामुळे, की राज्य सरकारनं रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी विकत घेऊन त्याची पावडर करायचं ठरवलं. माल होता, पण तो आपल्या पिशवीत येईपर्यंत ज्या हातांतून जातो ते हात गेले होते. लातूरला, अकोल्याला डाळमिलमध्ये पोती शिवणारे, ट्रक चालवणारे, रस्त्यावर जेवायला ढाबा नाही म्हणून जे ट्रकवाले निघालेच नाहीत ते, मार्केट यार्डातले हमाल, तोलणार, टेंपोवाले, आणि शेवटी काकांची ती दोन पोरं. यातला एक जरी दुवा निखळला तरी काकांच्या दुकानात फळी रिकामी. एप्रिलमध्ये तर गुलटेकडीला भाजी आणि फळांचा बाजारच बंद झाला, आणि तिकडे शेतकऱ्याच्या शेतात कोबी सडतोय. आमच्या सोसायटीत पुरंदरचा एक शेतकरी थेट टेंपो घेऊन यायला लागला, पाचशे रुपयांत दहा भाज्या, निवड करायची नाही, येईल ते घ्यायचं. त्यानं सांगितलं की कोथिंबीर उपटायला मजूर मिळेना म्हणून घरातल्या सगळ्यांनी, म्हाताऱ्या आईनं सुद्धा, पहाटे तीनला बॅटरी लावून उपटलीय. त्या जुड्यांना अजून माती ओली होती.

डाळीची टोचणी मात्र मनातून गेली नव्हती. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी एक किलो तूरडाळ घेऊन खाली वहिनींच्या खोलीवर गेले. त्या दारातच भांडी घासत होत्या. मी पिशवी पुढे केली तर म्हणाल्या, "राहू द्या ताई. काकांनी त्याच रात्री दिली की. दुकान बंद करून वर घरी गेले आणि त्यांच्या डब्यातली वाटीभर घेऊन आले." त्या अगदी सहज सांगत होत्या, मला ऐकवायचं वगैरे काही नव्हतं. मी तिथं डाळीची पिशवी धरून उभी. काय बोलायचं सुचेना, म्हणून विचारलं, अजून काही अडचण आहे का?

तेव्हा त्या जे बोलल्या ते मला स्वतःला कधी सुचलं नसतं. म्हणाल्या, "डाळ आलीय आता ताई दुकानात. पण काका सुट्टं देत नाहीत. किलोचे बंद पुडे हाय तेच घ्या म्हणतात, पोरं नाहीत ना मोजायला. किलोची डाळ, किलोची साखर, लिटरची पिशवी, एकदम घ्यायचं तर चारशे रुपये लागतात. आम्ही रोजचं रोज घेणारी माणसं."

मी घरी येऊन बराच वेळ विचार करत बसले. म्हणजे दुकानात माल आहे, वहिनींकडे पैसे आहेत, तरी त्यांच्या घरात डाळ नाही, कारण मधे तराजू धरायला माणूस नाही. आमच्या मागच्या वस्तीतली निम्मी घरं अशीच, पावशेरावर चालणारी. रेशनचं म्हणाल तर केंद्राचा माणशी पाच किलो फुकट तांदूळ जाहीर झाला होता, पण वहिनींचं कार्ड बीडला गावी, सासऱ्यांच्या नावावर. शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली होती, ती चांगलीच गोष्ट, पण ते केंद्र आमच्यापासून लांब आणि वाटेत तीन ठिकाणी नाकाबंदी. ज्याच्या घरात डबे आहेत तो आठवड्याचं, महिन्याचं घेऊन ठेवू शकतो. ज्याच्या घरात डबेच दोन आहेत त्यानं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन केला आणि विचारलं, मी येऊन मोजून देऊ का? आधी ते नको नकोच म्हणाले, संकोच वाटला त्यांना. मग म्हणाले, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मागच्या दारानं या. मी, आमच्या मजल्यावरच्या जोशी काकू आणि कॉलेजातला एक मुलगा, तिघं मास्क लावून, लांब लांब बसून, पावशेराच्या पुड्या करायला लागलो. सोपं नसतं ते! पहिल्या दिवशी माझ्या पुड्या सुटून डाळ जमिनीवर. काकांनी एकदा करून दाखवलं, कागद तिरका धरायचा, कोन वळायचा, टोक आत दुमडायचं, डाळ ओतून कोन जमिनीवर दोनदा हलकेच आपटायचा म्हणजे ती बसते, मग वरचे दोन कान दुमडून दोऱ्याचे दोन वेढे आणि दोरा दाताला न लावता झटक्यानं तोडायचा. त्यांच्या हातात ते चार सेकंदांत व्हायचं. आठवड्याभरानं मला दहा सेकंदांत जमायला लागलं. डाळ, साखर, शेंगदाणे, रवा, रोज शंभर-सव्वाशे पुड्या व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी दहा ते बारात सगळ्या संपायच्या. किलोच्या भावातच, पावशेराला एक रुपया जास्त लावला नाही काकांनी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या दिवसांत जास्त लावणारेही पाहिले, आमच्याच भागात एकानं बटाटे दुप्पट भावानं विकले.

मे महिन्यात केशरी कार्डवाल्यांना पण ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ मिळायला लागला, हळूहळू टेंपो यायला लागले, जूनमध्ये दुकानांच्या वेळा वाढल्या. काकांचा एक पोरगा परत आला. आमचं पुड्यांचं काम आपोआप थांबलं.

आणि मग जुलै. १० तारखेला, शुक्रवारी, पुण्यात परत लॉकडाऊन जाहीर झालं, १३ च्या मध्यरात्रीपासून २३ पर्यंत, आणि या वेळी पहिले पाच दिवस किराणा दुकानं सुद्धा बंद, फक्त दूध आणि औषधं. शनिवारी-रविवारी पुन्हा तीच झुंबड, पुन्हा तेच मार्चसारखं ओरडणं. मला शुक्रवारी रात्रीच काकांचा मेसेज आला, "ताई जमेल का?"

दोन दिवस आम्ही तिघं आणि तो पोरगा पहाटेपासून बसलो होतो. काकांनी एका खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, "हे पावशेरवाल्यांसाठी", आणि किलोवाल्यांना त्यातलं कितीही मागितलं तरी देत नव्हते. रविवारी दुपारी वहिनी आल्या. त्यांच्या हातात या वेळी यादी होती, मुलाच्या वहीच्या पानावर पेन्सिलनं लिहिलेली. तूरडाळ, साखर, चहा, तिखट असं सगळं पाच दिवसांचं हिशोबानं घेतलं, पैसे दिले, दोन पावलं पुढे गेल्या आणि परत आल्या.

"काका, शेंगदाणे आणि साबुदाणा पण पावशेर पावशेर द्या. गुरुवारी एकादशी आहे."

शेंगदाण्याच्या पुड्या होत्या. साबुदाण्याच्या संपल्या होत्या. मी कागद तिरका धरला.