बोटीची सडलेली मागची पाठ बदलली, पण मरीन प्लायनं जीव खाल्ला

काकांची मच्छी मारायची जुनी फायबर बोट आहे, गोसेखुर्दच्या पाण्यात चालते. इंजिनला रेस दिली की मागची पाठ, म्हणजे इंजिन टांगायची फळी (ट्रान्सम), हलून राहायची. हातोडीनं ठोकलं तं आवाज भद्द, बारीक ड्रिल मारलं तं भुसा काळा अन ओला निघाला. फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड गेलेलं. बोट नागपूरला आणली, आतलं फायबर कापलं, सडका भाग खरवडला. मे महिन्याचं ऊन होतं, कडा मस्त वाळल्या.

खरी कटकट इथून पुढं. आतल्या लाकडाच्या जागी मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवूड, पाहिजे होता. लकडगंजात, म्हणजे लाकडाच्या बाजारात, जाऊन मागा, कोणीच नाही म्हणत नाही. प्लायवरचा सरकारी मानकाचा शिक्का पाहिला तं आयएस ३०३. म्हटलं भाऊ, हा फर्निचरचा, मरीनचा नंबर ७१०. तं म्हणे "एकच आहे न, किचनच्या ट्रॉल्या याच्याच बनते, पाणी लागूनच राहते." पुढच्या दुकानात ७१० होता, पण शिक्का पुसट अन लायसन्स नंबरच नाही. मालक छाती ठोकून सांगून राहिला, जिंदगीभर काही होत नाही. मी एक तुकडा मागून आणला अन घरी जुन्या गंजात (पातेल्यात) उकळायला टाकला. आई गॅसच्या नावानं ओरडली ते वेगळं. ७१० च्या प्लायचा गोंद उकळत्या पाण्यात ७२ तास टिकला पाहिजे, याचे पापुद्रे संध्याकाळीच सुटले, मधला थर बोटानं निघाला. तुकडा नेऊन काउंटरवर ठेवला तं मालक म्हणते, "बोट पाण्यात चालवणार का चहात?" बाप्पा! सोबतचे दोन गिऱ्हाईक हसले अन मी तिथून निघालो, अजूनही त्या दुकानासमोरून गेलो की डोकं तापते.

शेवटी एका म्हाताऱ्या सुताराच्या ओळखीनं बरोबर माल भेटला. तुम्ही घ्याल तं आयएसआय मार्कासोबत सीएम/एलवाला लायसन्स नंबर पाहा अन बीआयएसच्या, म्हणजे मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथंच टाकून पाहा, दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं होते. थरांमध्ये पोकळी आहे का ते कडेनं पाहा.

बाकी काम सोपं. पुठ्ठ्याचा साचा काढला, १८ एमएमच्या दोन शीट इपॉक्सीनं (हार्डनर मिसळला की कडक होणारा गोंद) चिकटवल्या, जुनी जाडी तेवढीच होती. आत बसवून शिकंजे आवळले, वरून फायबरचं कापड. हे सगळं पहाटे करा, दुपारी मगातला इपॉक्सी हातातच तापून धूर सोडते. पसरट ट्रेमध्ये थोडा थोडा काढा, पण उन्हाळा आहे म्हणून हार्डनर कमी टाकू नका, माप तेच ठेवा. कूलरच्या बॉड्या बनवणारे पॉलिस्टर रेझिन सुचवतात, स्वस्त पडते, पण जुन्या फायबरला इपॉक्सीच जास्त पकडते. पॉलिस्टर घेतलाच तं कोबाल्ट (लवकर वाळवणारं औषध) अन हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, स्फोट होऊ शकतो.

हो, ग्राइंडिंगचं राहिलंच. मास्क अन पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाही तं रात्रभर खाजवत बसाल.

इंजिनच्या बोल्टची छिद्रं सरळ पाडू नका. आधी मोठी पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरा, वाळलं की मधून बोल्टच्या मापाची पाडा. जुनी फळी सडली ती याच छिद्रांतून पाणी जाऊन. काकांनी इंजिन चढवून त्याचा खालचा, पंख्याकडचा पाय धरून दणादण हलवला, पाठ जागची हलली नाही.